खत, खतावणी आणि पुस्तक : मराठीतील अर्थशिक्षणाच्या दोन परंपरा

१

मराठी गद्याच्या इतिहासात १८४९ ते १८५५ हा सहा-सात वर्षांचा अल्प कालखंड एका दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. या अवधीत एकाच शास्त्राला मराठीत तीन निरनिराळी नावे मिळाली. गोपाळ हरि देशमुख तथा लोकहितवादी यांनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अॅडम स्मिथप्रणीत अर्थविचाराचा मराठी वाचकास परिचय करून दिला. हरि केशवजी यांचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ हे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच पुढील वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आली. याहीपूर्वी, १८४३ मध्ये, रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीविषयी पुस्तक लिहून आर्थिक प्रश्नास मराठीत तोंड फोडले होते. परंतु शास्त्र म्हणून या विषयाचे नामकरण करण्याचा प्रयत्न उपर्युक्त तीन ग्रंथांनीच केला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही तीन नावे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ‘लक्ष्मी’ हा शब्द घरातला आहे. देव्हाऱ्यातील देवता, दिवाळीतील पूजन आणि घरात येणारी सून या सर्वांशी तो निगडित आहे. नव्या शास्त्राला वाचकाच्या जुन्या श्रद्धेचा हात धरून घरात आणावे, असा त्यात भाव दिसतो. ‘देशव्यवहार’ हा शब्द चव्हाट्यावरचा, देण्याघेण्याचा आणि बाजाराचा आहे. ‘अर्थशास्त्र’ हा शब्द मात्र पंडितांच्या परंपरेतून आला आहे. कौटिल्याच्या ग्रंथाची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आली आणि आर. शामशास्त्री यांनी ती १९०९ मध्ये छापली. तेव्हा १८५५ मध्ये चिपळूणकरांपुढे तो ग्रंथ नव्हता, केवळ संस्कृत वाङ्मयातील त्या संज्ञेची प्रतिष्ठा होती. पुढे हीच संज्ञा टिकली आणि उरलेली दोन मागे पडली. घर व बाजार यांच्यावर पाठशाळेने मिळविलेला हा विजय होय. त्याचा परिणाम केवळ एका शब्दापुरता राहिला नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

वरील ग्रंथकारांचा वाचक कोण होता? १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठी सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेतून ज्ञानप्रसारक सभा निघाली आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालू झाले. याच मंडळींनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी त्यांत ते स्वतः विनावेतन शिकवीत. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून येत होती. म्हणजे शिक्षण मोफत द्यावे, ज्ञान देशभाषेत आणावे आणि देशाच्या दारिद्र्याची कारणमीमांसा करावी, या तिन्ही प्रेरणा तेव्हा एकत्र नांदत होत्या. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही हा सारा व्यवहार बाळबोध लिपीत छापलेले पुस्तक विकत घेऊन किंवा मागून वाचू शकणाऱ्या वर्गापुरता मर्यादित होता. देश दरिद्री का झाला, हे त्या वाचकाला कळू लागले. परंतु आपण स्वतः कर्जबाजारी का झालो, हा ज्याचा प्रश्न होता, त्याच्या हाती ते पुस्तक पोचण्याचा मार्ग नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छापील पुस्तक येण्यापूर्वी महाराष्ट्रात अर्थशिक्षण नव्हते, असे मुळीच नाही. पंतोजींच्या शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. आज हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे पाठांतराचा निरर्थक कंटाळा वाटतो. वस्तुतः ते हिशेबाचे साधन होते. गावात धान्याची जी उसनवारी चाले तिला ‘वाढीदिढी’ म्हणत. पेरणीच्या वेळी नेलेले धान्य सुगीला सवाईने अथवा दिढीने परत करावयाचे. एक मण नेला तर सव्वा किंवा दीड मण द्यावयाचा. म्हणजे सवायकी आणि दिडकी हे पाढे म्हणजे या उसनवारीचे व्याकरणच होय. ज्याला ते मुखोद्गत, त्याला आपले देणे कागदावाचून कळे. ज्याला ते येत नसत, त्याला समोरचा सांगेल ते मान्य करावे लागे.

पाढ्यांच्या पुढची पायरी लेखनाची होती. देण्याघेण्याचे सारे लेखन, म्हणजे कर्जरोखे, खतावण्या आणि कीर्दी, मोडी लिपीत होई. मुद्रणाने मात्र बाळबोध लिपी स्वीकारली. त्यामुळे एक विलक्षण दुभंग निर्माण झाला. नव्या शाळेत बाळबोध शिकलेला मुलगा ‘लक्ष्मीज्ञान’ वाचू शके, पण बापाने करून दिलेले खत त्याला वाचता येईलच अशी खात्री नसे. शब्दसंग्रहाचेही तसेच झाले. खतावणीच्या मराठीत कर्ज, खत, जमा, खर्च, बाकी, वसूल असे अरबी-फारसीतून येऊन रुळलेले शब्द होते आणि ते निरक्षर कुणब्यालाही ठाऊक होते. शास्त्राचे मराठी मात्र संस्कृताकडे वळले. अर्थविषयक मराठीचे असे दोन प्रवाह झाले : एक पुस्तकाचा आणि दुसरा खताचा. पहिल्याने संपत्ती कशी उत्पन्न होते हे सांगितले. दुसऱ्यात ती कोणाकडून कोणाकडे जाते हे लिहिलेले होते.

३

खताच्या प्रवाहात काय लिहिलेले होते, याचा उलगडा १८७५ मध्ये झाला. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे येथे आठवड्याच्या बाजारी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यांचे एक लक्षण इतिहासकारांनी पुनःपुन्हा नोंदविले आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या मिळाल्या की त्या जाळून टाकीत, आणि जेथे सावकार आपण होऊन कागद देत असे तेथे प्रकरण बहुधा त्यावरच मिटे. आपल्याला वाचता न येणाऱ्या मजकुराशी निरक्षर समाजाने केलेला हा संवाद होय, असे वाङ्मयाच्या अभ्यासकाने म्हटले तर ते वावगे ठरू नये.

त्या कागदावर कुणब्याची सही नसे. तो नांगराचे चित्र काढी किंवा त्याच्या वतीने कोणी काढी, आणि लेखक शेजारी ‘निशाणी नांगर’ असे लिही. ज्या अवजाराने तो जमीन कसत होता, तेच चिन्ह त्या जमिनीच्या गहाणखतावर त्याची संमती म्हणून उभे राही.

दंग्यांची कारणे अनेक होती. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले व युद्ध संपताच कोसळले. त्यानंतर जमीन महसुलाची फेरआकारणी झाली. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता एक कारण अधिक बोलके आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोस जुन्या कर्जाच्या दाव्यांपासून संरक्षण मिळावे हा हेतू. व्यवहारात मात्र दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्याची वहिवाट पडली आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल, दरमहा दरशेकडा २ रुपये दराने १०० रुपये कर्ज घेतले आणि काहीच फेड झाली नाही, असे धरू. तीन वर्षांचे सरळव्याज ७२ रुपये होते. नवे खत १७२ रुपयांचे. पुढील तीन वर्षांनी ते सुमारे २९६ रुपयांचे आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५०९ रुपयांचे होते. सरळव्याजच चालू राहिले असते, तर नऊ वर्षांनी एकूण देणे ३१६ रुपये झाले असते. उरलेले १९३ रुपये व्याजाच्या दराने वाढविलेले नाहीत. ते खत बदलण्याच्या क्रियेने वाढविले आहेत. कुणब्याला व्याजाचा दर ठाऊक असे. नव्या कागदाने जुन्या व्याजाचे मुद्दल केले, ही गोष्ट मात्र तो कागद वाचल्याशिवाय कळण्यासारखी नव्हती. अज्ञान गणिताचे नव्हते. ते दस्तऐवजाचे होते.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. खतामागील व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत व त्याच्यासमोर पुरे व्हावेत, असे ठरले. फेडीची लेखी पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. व्याज, मुद्दल व बाकी यांची मांडणी ऋणकोच्या हाती कागदावर असली पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले. परंतु तो कागद वाचता यावा, याची तजवीज त्या कायद्यात नव्हती. ती शाळेने करावयाची होती.

४

ही शाळा कशी असावी, याचा विचार महाराष्ट्रात सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे महात्मा जोतीराव फुले यांनी केला. ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच १८५५ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली आणि त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ही तिन्ही कार्ये एकाच वर्षी एकाच शहराच्या परिसरात घडावीत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

‘तृतीय रत्न’चे कथानक साधे आहे. गरोदर कुणबिणीला जोशी ग्रहपीडेची भीती घालतो. शांतीसाठी ब्राह्मणभोजन करावयास लावतो आणि त्या खर्चात कुणब्याचे घर बुडते. विदूषक या प्रत्येक पायरीवर टीका करीत राहतो. अखेरीस ते जोडपे फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करते. धर्मचिकित्सेचे नाटक म्हणून याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु हे एका कुटुंबाच्या जमाखर्चाचे नाटक आहे, इकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पैसा घरातून कोणत्या शब्दांनी बाहेर काढला जातो, हे ते पायरीपायरीने दाखविते. भीतीचे रूपांतर खर्चात, खर्चाचे कर्जात आणि कर्जाचे दारिद्र्यात होते, आणि त्यावर उपाय म्हणून उपदेश न येता शाळा येते. दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलेले हे नाटक तिने स्वीकारले नाही. ते छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. त्यामुळे अर्थशिक्षणाच्या पहिल्या प्रवाहातील पुस्तके त्याच काळात छापली गेली, आणि दुसऱ्या प्रवाहाची ही आद्य वाङ्मयीन कृती सव्वाशे वर्षे हस्तलिखितात राहिली.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचा जो अभ्यासक्रम सुचविला, तो या संदर्भात मुळातून पाहण्यासारखा आहे. बाळबोधीबरोबर मोडीचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्यासमवेत नीती व आरोग्य यांचे काही पाठ, असे त्याचे स्वरूप होते. मोडी आणि हिशेब यांचा आग्रह सुटा वाचला तर तो जुन्या पद्धतीचा मोह वाटेल. परंतु सुप्याच्या दंग्यानंतर अवघ्या सात वर्षांनी तो धरला गेला, हे ध्यानात घेतले की त्यामागचा विचार उलगडतो. ज्या लिपीत शेतकऱ्याचे देणे लिहिलेले आहे, ती लिपी त्याच्या मुलाला आलीच पाहिजे. बाळबोध त्याला पुस्तकाकडे नेईल; मोडी त्याला बापाच्या खताकडे नेईल. जोतीरावांना दोन्ही हवी होती. खत आणि पुस्तक यांमधील दुभंग सांधण्याचा हा महाराष्ट्रातील पहिला जाणता प्रयत्न होय.

मोफत शिक्षणाच्या कल्पनेसंबंधीही जोतीरावांनी एक मूलगामी मुद्दा मांडला. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या श्रमातून येतो, तिच्याकडून शिक्षणाच्या नावाने लोकल फंडाची पट्टीही वसूल होते, आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा रयतेला मिळणारे शिक्षण ही देणगी नव्हे. तिने आगाऊ भरलेल्या पैशांचा तो परतावा होय. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी विद्येच्या अभावापासून वित्तनाशापर्यंतची कारणपरंपरा जोडली आहे. तिच्यात वित्त हे शेवटाकडे येते, आरंभी नव्हे. काटकसर करा म्हणजे दारिद्र्य जाईल, असे न सांगता, दारिद्र्य कोठून सुरू झाले ते शोधा, असे ती सांगते.

५

या दोन प्रवाहांचा संबंध आजही संपलेला नाही. त्याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे आढळते. माण तालुक्यातील स्त्रियांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने सहकारी बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे होती, त्यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या आणि अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. या स्त्रियांनी काही महिने लिहावाचावयास शिकून पुन्हा अधिकाऱ्यांची भेट घेतली. कोणत्याही रकमेवरील व्याज आम्हांला तोंडी विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही गणकयंत्राशिवाय तेच करावयास सांगा आणि कोण आधी सांगते ते पाहा, असे त्यांनी म्हटल्याची हकीकत सिन्हा यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. पुढे, २००६ पासून, ग्रामीण स्त्रियांना व्यवहार व हिशेब शिकविणारी शाळाही त्यांनी चालविली.

या हकीकतीतील मर्म असे की, ज्यांना परवाना नाकारला गेला, त्यांना हिशेब येत होता. बाजारात भाजी विकणारी, भिशीतील हप्ते व पाळ्या तोंडी ध्यानात ठेवणारी स्त्री गणितात कच्ची असू शकत नाही. तिच्याजवळ नव्हती ती लेखी खूण. १८७५ मधील ‘निशाणी नांगर’ आणि अर्जावरील अंगठा यांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच आहे. या स्त्रियांनी कागद न जाळता शिकून घेतला, एवढा मात्र मोठा फरक पडला.

६

आता सध्याच्या प्रयत्नांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने २००७ पासून मुलांसाठी ‘मनी कुमार’सारख्या चित्रकथा मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध केल्या. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व निवृत्तिवेतन या क्षेत्रांची नियामक प्राधिकरणे यांनी मिळून स्थापिलेले राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र शाळांसाठी आणि प्रौढांसाठी विनामूल्य कार्यक्रम चालविते. २०१७ पासून तालुका पातळीवर आर्थिक साक्षरता केंद्रे निघाली. २०२० मध्ये आर्थिक शिक्षणाचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. बचत करा, अवास्तव परताव्याच्या आमिषास भुलू नका, गुप्त क्रमांक कोणास सांगू नका, हा यांतील उपदेश योग्यच आहे.

तथापि मराठीच्या अभ्यासकाने या साहित्याची भाषा तपासली पाहिजे. ‘वित्तीय समावेशन’, ‘नामनिर्देशन’, ‘पतमानांकन’ हे शब्द ‘अर्थशास्त्रपरिभाषे’च्या वंशातले आहेत, खतावणीच्या मराठीशी त्यांची ओळख नाही. ‘वारस’ म्हटल्याने खेड्यातील स्त्रीला जे लगेच कळल्यासारखे वाटते, ते ‘नामनिर्देशित व्यक्ती’ या शब्दाने कळत नाही. उलट, कायद्याच्या दृष्टीने वारस आणि नामनिर्देशित व्यक्ती या एक नव्हेत, हा भेदही तिला कळणे आवश्यक आहे. म्हणून केवळ सोपा शब्द योजून भागणार नाही. लोकांच्या शब्दापासून आरंभ करून कायद्याच्या शब्दापर्यंत वाचकाला नेणारे गद्य लिहावे लागेल. हे काम भाषांतरकाराचे नाही, गद्यकाराचे आहे.

यात स्थलांतराचा प्रश्नही मिसळतो. बँकांची छापील पत्रके व फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि संबंधित प्रदेशाची भाषा अशा त्रिभाषिक स्वरूपात असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. परंतु ही प्रादेशिक भाषा स्थळाची असते, माणसाची नव्हे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नोएडासारख्या औद्योगिक नगरात प्रदेशाची भाषा हिंदीच असल्याने तीन भाषांच्या दोनच होतात. तेथे कामासाठी आलेल्या मराठी, बंगाली वा ओडिया माणसाच्या वाट्याला स्वतःच्या भाषेतील कागद येत नाही. सुप्याच्या कुणब्यापुढे मोडी होती. याच्यापुढे इंग्रजी आहे.

या दृष्टीने रिझर्व्ह बँकेचे १५ एप्रिल २०२४ चे परिपत्रक महत्त्वाचे आहे. किरकोळ कर्जदारांना द्यावयाचे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि सर्व आकारांसह वार्षिक खर्चाचा दर त्यात नमूद करावा, असे त्याने ठरविले. येथे भाषा प्रदेशाची नाही, तर कर्जदाराची आहे. १८७९ च्या कायद्याने पावती, उतारा व पासबुक यांचा हक्क दिला होता. १४५ वर्षांनी त्यात भाषेची भर पडली.

हक्क मिळाला तरी मजकूर कोणीतरी लिहावा लागतो आणि कोणीतरी वाचावयास शिकवावा लागतो. मराठीच्या अभ्यासक्रमांत निबंध, कथा, कविता येतात. कर्जाचे विवरणपत्र, विम्याचा करार, भाडेचिठ्ठी हे गद्यप्रकार येत नाहीत. त्यांचा अभ्यास केल्याने वाङ्मयाची प्रतिष्ठा उणी होईल, असे मानण्याचे कारण नाही. ‘तृतीय रत्न’कारांनी मोडी आणि हिशेब प्राथमिक शाळेत मागितले, तेव्हा त्यांनी खत हेही वाचावयाचे मराठी आहे, असेच सांगितले होते. मोफत अर्थशिक्षणाची कसोटी त्यामुळे एकच ठरते : तो पाठ संपल्यावर शिकणाऱ्याला स्वतःचे नाव असलेला कागद स्वतः वाचता येतो की नाही.